बंद पाण्यातले खेकडे

१

शनिवारी सकाळी ओहोटीचं पाणी मागे सरलं, वाईतूला गावच्या बायका टोपल्या काखेला मारून वाळूवर उतरल्या, तर बंद पाण्याच्या कडेला खेकडे उताणे पडलेले. कुणी पोतंभर करवंट्या भिरकावून द्याव्यात तसे. त्यांत कोळंबी होती, दोन हातभर शेवंडी होत्या. काहींचे पाय आभाळाकडे होऊन अजून थरथरत होते, जणू उलट्या अंगानं कुठेतरी चालत निघालेत.

खडकांच्या रांगेआतलं हे पाणी गावानं दोन पावसाळ्यांपासून मिटून ठेवलं होतं. तिथे जाळं टाकायचं नाही, गळ सोडायचा नाही. पाण्याला आराम द्यायचा, म्हणजे ते भरतं, ही जुनी समज. येत्या शनिवारी सेमिसीच्या मुलीचं, ओफाचं लग्न होतं. त्या दिवशी पाणी उघडायचं आणि सारं गाव पोटभर जेवायचं, असं ठरलेलं.

बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग कुणीतरी म्हणालं, "आत्याला बोलवा."

आत्या म्हणजे हिंगानो. बेटावरच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून तिचे केस पिकले होते. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या बापांची ती सख्खी नाहीतर चुलत बहीण. प्रशांत महासागरातल्या तोंगाच्या बेटांवर बापाची बहीण म्हणजे घरातला सर्वांत वरचा मान. तिनं मागितलेलं नाकारायचं नाही, तिनं विचारलेलं टाळायचं नाही. "पोलिसापेक्षा मला जास्त घाबरतात," ती म्हणे, "फक्त टोपी तेवढी दिली नाही कुणी."

हिंगानो आली, पदर खोचावा तशी कमरेला गुंडाळलेली चटई वर खोचून गुडघाभर पाण्यात शिरली. एक खेकडा तळहातावर घेऊन रोग्याची नाडी पाहावी तशी पाहत राहिली.

"मासे कुठायत?" तिनं विचारलं.

"ते काय तिथे." एका बाईनं बोट दाखवलं. बोयांचा थवा उन्हात चमकत वळला आणि निघून गेला.

"आणि गोगलगाई?"

"त्या चालल्यात आपल्या. त्यांना कुठे घाई असते?"

हिंगानो वाकून वाकून पुढे गेली. मेलेले जीव कडेला विरळ होते, मध्ये दाट. सगळ्यांत दाट होते ते दगडांच्या गोल कुंडात. चटया विणायची केतकीची पानं बायका तिथे खाऱ्या पाण्यात भिजत घालत.

"या आठवड्यात पानं कुणी घातली होती?"

"कुणीच नाही, आत्या. लग्नाच्या गडबडीत पानं कोण घालतंय?"

तेवढ्यात किनाऱ्यावरून पेनीची हाक आली. पेनी हा गावचा कारभारी. भोपळ्याच्या मळ्यांचा मालक आणि मोठ्या आवाजाचा धनी. त्याच्या हातात एक टोपली होती आणि टोपलीत फुतूच्या फळांची सालं. त्या फळाचा गर किसून पाण्यात सोडला की मासे गुंगून वर येतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पेनीनं टोपली उलटी केली.

"सेमिसीच्या होडीत सापडली," तो म्हणाला. "आता बोला."

२

बोलायला सेमिसी तयारच नव्हता. तो हिंगानोच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण सेमिसीची पाठ मागून पाहिली की तिला अजून तोच दिसे. तो घराच्या ओसरीवर जाळं सांधत बसला होता. दुपार कलायला लागली होती. डास घोंघावत होते आणि हिंगानो पंख्यानं पोटऱ्या झोडपून घेत होती.

"अरे, सोमवारी सभा आहे. पेनी म्हणतो, तुला समुद्रबंदी करायची. होडी काठावर उलटी घालायची, पुन्हा सुलटी करायची नाही. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय, आत्या."

"मुलीचं लग्न तोंडावर आलंय. बाप समुद्रातून हाकललेला, असं घेऊन ती सासरी जाणार?"

सेमिसीचा सुतळीचा हात थांबला, पुन्हा चालू लागला. "फुतूची सालं तरंगतात. मी ती जाळ्याला बांधतो. हे बघा."

खरंच, जाळ्याच्या वरच्या दोरीला वाळकी सालं ओळीनं बांधलेली होती.

"मग हे पेनीला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तो म्हणाला, साल तरंगायला आणि गर कुठे गेला?"

"बरं. लोक सांगतात, काल, शुक्रवारी पहाटे तू होडी घेऊन त्याच बाजूनं गेलास. तिथे कुणी होतं?"

सेमिसीनं मान आणखी खाली घातली. त्याचे कान लाल झाले. लहानपणी साखर चोरली की असेच व्हायचे.

"मी जाळं पाहत होतो."

"होतं का कुणी?"

"आत्या, तुम्ही मला काहीही विचारू शकता. तुमचा तो मानच आहे." बोलताना त्याचा आवाज घसरला. "पण मला सांगता यायचं नाही."

आजवर हिंगानोला गावात कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. रागावावं की काय हे तिला कळेना. तिनं पोटरीवरचा डास मारला आणि उठली. दारात वळून म्हणाली, "तुझा बापही असाच होता. मेला, पण कुणाचं नाव सांगितलं नाही त्यानं."

"कुणाचं नाव?"

"माझं," ती म्हणाली. "माझ्या हातून आईचा आरसा फुटला होता."

सेमिसी पहिल्यांदा तिच्याकडे पाहून हसला, आणि लगेच पुन्हा जाळ्यात तोंड लपवलं.

३

"माझ्या मळ्यातल्या फवारणीवर संशय?" पेनी म्हणाला. "या, चला, चर दाखवतो."

मळ्यातून समुद्राकडे जाणारा चर होता खरा. पण पंधरवड्यात पावसाचा थेंब नव्हता. चराच्या मातीला टाचेएवढ्या भेगा पडल्या होत्या. हिंगानो चराच्या तोंडापर्यंत गेली. तिथल्या चिखलात चिमुकले खेकडे बिळांशी उभे राहून एकेक नांगी हलवत होते, बाजाराच्या दिवशी ओळखीच्यांना हात करावा तसे.

"हे तर मजेत दिसतात," ती म्हणाली.

"मी कधीपासून सांगतोय." पेनीनं मानेवरचा डास चिरडला. "आत्या, मी वाईट माणूस नाही. दोन वर्षं मी त्या पाण्यावर पहारा दिलाय. मला रडू आलं आज सकाळी."

त्याला खरंच रडू आलं होतं. डोळे अजून सुजलेले होते. हिंगानोनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "रडलास हे बरं केलंस. पण रडताना माणसाला नीट दिसत नाही रे."

उरला मनासे. खाडीच्या वळणावर त्याचा होड्या दुरुस्त करायचा कारखाना होता. होडीच्या बुडाला शंखशिंपले धरू नयेत म्हणून जो रंग देतात, तो विषारी असतो, हे हिंगानोला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी मनासेच्या धक्क्याजवळच्या गोगलगाईंना भलतंच दुखणं लागलं होतं. माद्यांना नराचं अंग फुटत होतं, मग त्यांना पिल्लं होईनात. हिंगानोनं तेव्हा भर रस्त्यात त्याची खरडपट्टी काढली होती.

"तो रंग मी तेव्हाच टाकून दिला, आत्या," मनासे म्हणाला. "आता खरवडलेलं सगळं ताडपत्रीवर गोळा करतो. तुमच्या भीतीनं."

"माझ्या की देवाच्या?"

"देव रविवारी येतो. तुम्ही कधीही येता."

तिनं धक्क्याखाली हात घालून गोगलगाई काढल्या. पुष्कळ होत्या, आणि त्यांत बारकी बारकी पिल्लं होती. तिला बरं वाटलं. आणि तो रंग तसाही सावकाश मारणारा. त्याला पिढ्या लागतात, एक पहाट पुरत नाही.

ती घरी परतली ती डोक्यात एकच गोष्ट घोळवत. फुतू आधी मासा मारतं. इथे मासा जगला. रंग आधी गोगलगाय बिघडवतो. इथे गोगलगाय जगली. मेले ते फक्त सांध्यांच्या पायांचे. असलं विष कोणतं, जे पाय मोजून मारतं?

४

रविवारी बेटावर कुणी काम करत नाही. चर्चच्या देवळात गाणं, मग जमिनीत भाजलेलं जेवण, मग झोप. हिंगानो देवळात गायली, पण सूर चुकत होता. उन्हं कलल्यावर ती लाविनियाकडे गेली.

लाविनिया ही सेमिसीची बहीण, म्हणजे होणाऱ्या नवरीची आत्या. गावात तिच्यासारखी चटई कुणी विणत नसे. भाऊ-बहीण वयात आल्यापासून एका छपराखाली बसले नव्हते, बसायचंच नसतं. भावानं बहिणीच्या अंथरुणा-पांघरुणाचा शब्दही तोंडातून काढायचा नाही, बहिणीनं भावासमोर मोठ्यानं हसायचं नाही. निरोप जातात-येतात ते तिसऱ्याच्या तोंडून. पण भावाच्या होडीत पहिला मासा आला की तो बहिणीच्या चुलीपाशी पोचतो आणि बहिणीच्या हातचं पहिलं विणकाम भावाच्या घरी जातं. लाविनिया विणताना गुणगुणायची:

भाऊ गं माझा खोल पाणी, मी किनाऱ्याची वाळू,
मधे लाटेचा उंबरा, कशी त्याच्याशी मी बोलू.

आज ती गुणगुणत नव्हती.

"त्यानं असं केलं नसणार, आत्या. पण मग बोलत का नाही तो? ओफा सकाळपासून जेवली नाही." तिनं डोळे पुसले आणि एकदम उठली. "या, तुम्ही खाली नका बसू. आज तुम्हाला हिच्यावर बसवते."

तिनं कुळाची चटई उलगडली. पणजीच्या पणजीनं विणलेली, रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसांची झालर. लग्नात नवरी हिच्यावर बसणार होती, आणि ती आणायचा मान आत्याचा, म्हणजे लाविनियाचा.

हिंगानो बसली. चटईवरून हात फिरवला. बराच वेळ दोघी बोलत राहिल्या, कधी लग्नाच्या डुकरांविषयी, कधी नवऱ्या मुलाच्या कानांविषयी, जे जरा मोठेच होते.

"पतंगच होईल त्याचा, वारा आला की," लाविनिया म्हणाली आणि रडता रडता हसली.

हिंगानोही हसली. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की पंखा तिच्या मांडीवर कधीचा पडून आहे. तिन्हीसांज झाली होती, दार सताड उघडं होतं, अंगणात डासांचा ढग दिसत होता. पण तिच्या पोटरीला एकही डास चावला नव्हता.

तिनं कोपऱ्यात पाहिलं. चटई गुंडाळून ठेवायच्या पेटीमागे तीन-चार झुरळं पडली होती. उताणी. पाय आभाळाकडे.

हेच पाय तिनं काल तळहातावर पाहिले होते.

"लाविनिया," ती हळूच म्हणाली, "ही चटई तू कुठे धुतलीस गं?"

५

"कुंडात," लाविनिया म्हणाली. "शुक्रवारी पहाटे, ओहोटीला. लग्नाआधी खारं पाणी दाखवायचंच असतं ना."

"आणि त्याआधी हिला काय लावलं होतंस?"

लाविनियानं पेटीतून बाटली काढली. धाकट्या बहिणीनं ऑकलंडहून सामानाच्या पिंपात घालून पाठवलेली. "कीड कड खात होती, आत्या. पिसं गळायला लागली. म्हणून पाण्यात कालवून दोनदा भिजवली. मग फार वास सुटला, म्हणून चांगली खळखळून धुतली." ती थांबली. "का? चटईला काही झालं का?"

बाटलीवर एका मेलेल्या माशाचं चित्र होतं.

"हे पाहिलं नाहीस?"

"पाहिलं की. मला वाटलं, बेटावरच्या लोकांसाठी आहे म्हणून मासा काढलाय."

हिंगानोला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. तिनं लाविनियाला जवळ बसवलं आणि दवाखान्यात आईला पोराचं दुखणं समजावावं तसं सांगितलं. झुरळ, डास, खेकडा, कोळंबी, सगळी सांध्यांच्या पायांची एकाच घराण्याची भावंडं. काही घरात राहिली, काही पाण्यात गेली. जे औषध एकाची नस आखडतं, ते दुसऱ्याचीही आखडतं. मासाही त्यातून सुटत नाही, फक्त त्याला जास्त लागतं. भरती वेळेवर आली म्हणून बोया वाचले. गोगलगाय त्या घराण्यातली नव्हेच.

लाविनियाचे ओठ पांढरे पडले. "म्हणजे ते मी..."

"हो."

"आणि तो समुद्रावर होता पहाटे. त्यानं मला पाहिलं." ती दोन्ही हातांनी तोंड झाकून वाकली. "आत्या, त्यानं मला पाहिलं, आणि सांगितलं नाही."

"कसं सांगेल?" हिंगानो म्हणाली. "बहिणीच्या अंथरायच्या वस्तूचं नाव सभेत घेणारा भाऊ तू तरी पाहिलायस का?"

बाहेर डास घोंघावत होते आणि उंबऱ्यापाशी येऊन परत फिरत होते.

"उद्या मी जाते सभेत," लाविनिया म्हणाली.

"तो आत बसलेला असेल."

"मग मी भिंतीबाहेर बसेन."

"बस," हिंगानो म्हणाली. "पण आधी मला या झालरीचा एक दोरा तोडून दे."

६

सोमवारी सभागृहात पुरुष गोल बसले होते. मध्ये कावाचा, कुटलेल्या मुळांच्या गुंगी आणणाऱ्या पेयाचा, लाकडी वाडगा. सेमिसी दाराजवळ, मान खाली. भिंतीला नारळाच्या झावळ्या विणलेल्या. त्यांच्यापलीकडे नीरफणसाच्या सावलीत बायका येऊन बसल्या, तशी कुजबूज आत ऐकू आली.

हिंगानोनं तीन काचेचे वाडगे मांडले. तिन्हींत समुद्राचं पाणी, एकेक बोटभर मासा, एकेक कोळंबी, एकेक गोगलगाय.

"आत्या, ही सभा आहे, स्वयंपाकघर नाही," पेनी म्हणाला.

"म्हणूनच तुला चव घ्यायला लावत नाही. बघ नुसता."

पहिल्या वाडग्यात तिनं काही घातलं नाही. दुसऱ्यात फुतूचा कीस टाकला. तिसऱ्यात घरून आणलेल्या, रात्रभर एक दोरा भिजत घातलेल्या कुपीतलं पाणी ओतलं. मग म्हणाली, "आता कावा घ्या सावकाश."

कावाची फेरी सुरू झाली. फेरी संपायच्या आत दुसऱ्या वाडग्यातला मासा पोट वर करून तरंगायला लागला. त्याच्या शेजारी कोळंबी मिशा हलवत बसली होती. तिसऱ्यात मासा जरा भांबावून फिरत होता, गोगलगाय काच चढत होती, आणि कोळंबी उताणी पडून पाय झाडत होती.

पेनी गुडघ्यांवर रांगत पुढे आला. दोन्ही वाडगे त्यानं पुन्हा पुन्हा पाहिले. "शनिवारी किनाऱ्यावर होतं ते हे," तो तिसऱ्याकडे बोट करून म्हणाला. त्याचा मोठा आवाज कुठेतरी हरवला होता. "मासे जिवंत होते. मी पाहिलं होतं. पाहूनही..." त्यानं घसा खाकरला. "पण आत्या, या तिसऱ्यात काय घातलंत?"

"ते मी सांगणार नाही."

"सभेत सांगावं लागतं."

"इथे एक भाऊ बसलाय," हिंगानो म्हणाली. "त्याच्यासमोर मला त्या वस्तूचं नाव घेता येत नाही."

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग एकेक मान खाली गेली. म्हातारे, तरणे, मनासे, पेनी, सगळे आपापल्या गुडघ्यांकडे पाहू लागले. लग्नाची कुळाची चटई कुणाच्या घरी होती, ती खाऱ्या पाण्यात कुठे धुतात, हे गावात कुणाला सांगायला नको होतं. सेमिसीची मान तर छातीला टेकली होती. त्याचे कान लाल झाले होते.

झावळ्यांपलीकडून लाविनियाचा आवाज आला. "अजाणता झालंय, पण हात माझे होते. पाणी जितका काळ आजारी राहील तितका काळ गाव म्हणेल ते काम मी करीन."

पेनी उठला. त्यानं कावाची वाटी स्वतः भरली. ते वाटणाऱ्याचं काम, कारभाऱ्याचं नव्हे. तो सेमिसीसमोर मांडी घालून बसला आणि दोन्ही हातांनी वाटी पुढे केली.

"तुझी होडी सुलटीच राहू दे," तो म्हणाला. "आणि ती सालं मलाही थोडी दे. माझं जाळं बुडतं."

सेमिसीनं वाटी एका दमात रिकामी केली.

७

लग्न झालं. खेकड्यांऐवजी डुकरं भाजली आणि कंदमुळं उकडली. चटई मळ्याच्या वरच्या बाजूला, पाण्यापासून लांब, चार दिवस कडक उन्हात टाकली होती. ओफा तिच्यावर बसली तेव्हा वास जवळजवळ गेला होता. "अख्ख्या लग्नात नवऱ्यामुलाला एक डास चावला नाही," मनासे सांगत सुटला, "एवढे कान असून." बाटली हिंगानोनं दवाखान्याच्या कुलपात ठेवली आणि पुढच्या जहाजानं परत धाडली. पाणी पुन्हा मिटून घेतलं. त्या वर्षी पानं भिजवायचं, चटया धुण्याचं कुंड बायकांनी वरच्या अंगाला, जमिनीवर हलवलं. दगड वाहायला लाविनिया सगळ्यांच्या पुढे होती.

मग संत्री पिकण्याचे दिवस आले. हिंगानो एका सकाळी लाविनियाच्या अंगणात सुपारीएवढे कांदे निवडत बसली होती, तेव्हा चुलीच्या खोपटामागे पावलं वाजली. सेमिसी होता. त्यानं आत पाहिलं नाही. उंबऱ्याशी पानात बांधलेला एक मोठा खेकडा ठेवला. जिवंत, नांग्या आवळलेल्या, डोळे बाहेर काढून रागानं जगाकडे बघणारा. ठेवला आणि तो खाडीच्या वाटेनं निघून गेला.

लाविनिया हात पुसत बाहेर आली. तिनं तो उचलला, उलटा करून पोट पाहिलं. पोटाखाली अंड्यांचा पिवळाजर्द घोस होता.

"आत्या, मादी आहे," ती म्हणाली. "भरलेली."

तिनं पान सोडलं, नांग्यांच्या दोऱ्या कापल्या आणि खेकड्याला टोपलीत घालून बंद पाण्याकडे चालू लागली. ती टोपली नवी होती. सेमिसीच्या होडीसाठी विणलेली, द्यायची राहिलेली. थोड्या वेळानं ती रिकाम्या हातानं परत आली.

"टोपली कुठे ठेवलीस?" हिंगानोनं विचारलं.

"होडीत," लाविनिया म्हणाली, आणि चुलीपाशी बसून गुणगुणायला लागली.